रेषेपासून रचनेपर्यंत : रावबहादूर धुरंधरांची चित्रसाधना

पुराणकथा, लग्नसोहळे, मुंबईचे रस्ते, शिवकालातील प्रसंग आणि व्रतवैकल्यांच्या कहाण्या हजारो चित्रांतून जिवंत करणारे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून एकेचाळीस वर्षे काढली. चित्राची मांडणी आणि छायाप्रकाश यांचे ज्ञान त्यांनी कसे मिळवले आणि पुढच्या पिढ्यांना कसे दिले, याची ही कथा.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या नांदगावसारख्या तालुक्याच्या गावात शासकीय रेखाकला परीक्षेचे दिवस आले, की शाळांमधून एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. काखेत ड्रॉइंग बोर्ड, हातात रंगपेटी आणि पाण्याची बाटली घेतलेली मुले-मुली परीक्षेच्या वर्गाकडे निघालेली असतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही या परीक्षांची नावे महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहेत. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असे त्यातले विषय. मात्र मुलांना सर्वांत अवघड वाटते ते स्मरणचित्र. समोर कोणतीही वस्तू नसते. आठवड्याचा बाजार, पाणवठा, पावसातली शाळा असा एखादा विषय मिळतो आणि कोऱ्या कागदावर माणसे, झाडे, घरे, जनावरे मनानेच उभी करायची असतात. कोणाला पुढे आणायचे, कोणाला मागे ठेवायचे, उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा आणि पाहणाऱ्याची नजर कोठे थांबवायची, हे सारे दोन-तीन तासांत ठरवावे लागते.

ही केवळ शाळकरी परीक्षा नव्हे. चित्रकलेतला सर्वांत जुना आणि सर्वांत कठीण प्रश्न या मुलांपुढे ठेवलेला असतो. हाच प्रश्न घेऊन सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापूरचा एक तरुण मुंबईच्या कलाशाळेच्या दारात उभा राहिला होता. त्याचे उत्तर शोधण्यात त्याने आपले सारे आयुष्य वेचले.

नांदगावचा आणि चित्रकलेच्या या इतिहासाचा आणखी एक धागा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून भुसावळकडे जाणारा मार्ग १८६०च्या दशकात तयार झाला, तेव्हा नांदगाव हे नुसते वाटेवरचे स्थानक नव्हते. १९०० साली मनमाडहून औरंगाबादकडे निजाम राज्याचा लोहमार्ग सुरू होईपर्यंत वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगावला उतरत आणि तेथून टांग्याने किंवा बैलगाडीने पुढचा रस्ता धरत. याच लोहमार्गाने आणखी पुढे जाऊन अजिंठ्याकडे वळता येत असे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील चित्रकलेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर नेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे चित्रकार त्या कामातून तयार झाले. लेण्यांतील अंधूक उजेडात, पडझड झालेल्या भिंतींसमोर बसून हे तरुण एकेक आकृती कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवीत राहिले. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या कित्येक प्रती १८८५ सालच्या आगीत जळून गेल्या. तरीही उरलेल्या सामग्रीवर आधारलेला ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिकृती जळाल्या, पण त्या करताना हातात आणि डोळ्यांत उतरलेले शिक्षण जळाले नाही. गर्दीच्या प्रसंगात पंचवीस-तीस माणसे एकमेकांत मिसळूनही वेगवेगळी कशी दिसतात, मुख्य व्यक्तीकडे इतरांच्या माना, हात आणि नजरा कशा वळतात, याचा वस्तुपाठ अजिंठ्याने या कलाशाळेला दिला होता.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात पाठारे प्रभू कुटुंबात झाला. कोल्हापूर हे तेव्हाही कलेची चाड असलेले संस्थान होते. मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेले आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार त्याच शहराचे. चित्रकला हा पोट भरण्याचा धंदा होऊ शकतो यावर मात्र मध्यमवर्गीय घरांतून फारसा कोणाचा विश्वास नव्हता. शिकलेल्या मुलाने सरकारी नोकरी धरावी, वकिली करावी, निदान ओव्हरसियर व्हावे, ही त्या काळातली सर्वसाधारण अपेक्षा. वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, १८९० सालच्या जानेवारीत, धुरंधर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. त्या काळच्या मानाने विद्यार्थी म्हणून नवी सुरुवात करण्याचे हे वय नव्हते. उशीर झाल्याची जाणीव आणि हातातील कसब या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन ते आले होते.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली ही शाळा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील अभ्यासक्रमावर चालत असे. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब, १८८५ साली याच शाळेत दाखल झाले होते. शाळेचा क्रम ठरलेला होता आणि तो कठोर होता. आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग भूमिती आणि यथादर्शन, मग पांढऱ्या प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायांकन आणि त्यानंतर जिवंत माणसाला समोर बसवून अभ्यास. रंगाचा क्रमांक बराच नंतर लागे. अनेक विद्यार्थ्यांना हा प्रवास रुक्ष वाटे. रंगाची हौस घेऊन आलेल्या तरुणाला महिनोन् महिने कोळसा आणि पेन्सिल यांच्या संगतीत काढावे लागत.

पण त्या रुक्ष क्रमामागे एक तर्क होता. प्लास्टरचा पुतळा पांढरा असतो. त्याला स्वतःचा रंग नसतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उरतो तो केवळ उजेड आणि त्याची कमी-जास्त होत जाणारी पातळी. कपाळावरचा झगझगीत भाग, गालावरची मवाळ छाया, हनुवटीखालचा गडद पट्टा आणि त्या गडद पट्ट्यातही खालून परावर्तित होऊन येणारा मंद उजेड, असे छायेचे टप्पे ओळखायला शिकणे हा या अभ्यासाचा गाभा. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या करड्या पायऱ्या ज्याला वेगळ्या दिसू लागल्या, त्याला पुढे रंगही त्यांच्या खऱ्या वजनानुसार दिसू लागतात. लाल आणि हिरवा हे रंग डोळ्याला अगदी भिन्न वाटतात, पण त्यांची छायापातळी सारखी असेल तर चित्रात ते एकमेकांत विरून जातात, ही गोष्ट कोळशाने काम केलेल्याला सांगावी लागत नाही. धुरंधरांच्या पुढील आयुष्यातील कामाची मुळे या कोळशाच्या अभ्यासात आहेत.

ग्रिफिथ्स तेव्हा शाळेचे प्रमुख होते. या नव्या विद्यार्थ्याकडे त्यांचे लक्ष लवकरच गेले. धुरंधरांनी आयुष्यभर या गुरूविषयी कृतज्ञता बाळगली आणि उतारवयात लिहिलेल्या आठवणींतही त्यांना मानाचे स्थान दिले. कलाशाळेतील शिक्षण हे व्याख्यानांतून होत नसते, ते विद्यार्थ्याच्या बोर्डासमोर होते. शिक्षक मागे येऊन उभा राहतो, चित्र पाहतो, मापातली चूक दाखवतो आणि पुढच्या बोर्डाकडे जातो. त्या मोजक्या क्षणांत मिळालेली सूचना पुढच्या शंभर चित्रांत वापरणे हे विद्यार्थ्याचे काम. सर्वांनाच ते साधत नाही. कोणी चूक दाखवली की खट्टू होतो, कोणी ती त्या एका चित्रापुरती सुधारतो. धुरंधरांची प्रगती पाहता, दाखवलेली चूक हा नियम समजून ती कायमची सोडून देण्याची वृत्ती त्यांच्यात होती, असे म्हणावे लागते.

अभ्यासक्रमात पुतळे होते, मॉडेल होते, पण प्रसंगचित्राची मांडणी ही गोष्ट नमुन्यावरून उतरवता येत नव्हती. मॉडेल एका जागी बसते, प्रसंग बसत नाही. स्वयंपाकघरात वाकलेली बाई, दारात थबकलेला पाहुणा, आईच्या पदराला धरून उभे असलेले मूल यांना एका चौकटीत आणताना प्रत्येकाचे निरीक्षण वेगळे करावे लागते आणि मग त्यांचा परस्परांशी संबंध जुळवावा लागतो. त्यासाठी वही जवळ बाळगून सतत रेखाटने करणे हाच मार्ग. धुरंधरांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही. त्यांची मागे राहिलेली हजारो रेखाटने हे त्याचे प्रमाण आहे. हाताची ठेवण, लुगड्याच्या निऱ्या, पागोट्याचे पेच, बैलाच्या मानेवरचे जू, अशा गोष्टींची ही साठवण म्हणजे त्यांची खरी शब्दसंपत्ती होती. विषय हाती आला की त्या साठवणीतून त्यांना नेमका आकार उचलता येई.

बॉम्बे आर्ट सोसायटी ही संस्था १८८८ साली स्थापन झाली होती. तिच्या प्रदर्शनांत युरोपीय चित्रकारांचा आणि हौशी इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा असे. तेथे देशी विद्यार्थ्याचे चित्र लागणे ही परीक्षाच होती. शाळेतले शिक्षक ओळखीचे असतात. प्रदर्शनातले परीक्षक अनोळखी आणि पाहणारे त्याहून अनोळखी. १८९५ साली या सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. त्या चित्राला हॅव यू कम, लक्ष्मी? असे इंग्रजी नाव होते, पण विषय अस्सल इथला होता. घरातले, सणावारातले, बायकामुलांचे जग हे प्रदर्शनाच्या भिंतीवर मानाने लागू शकते, हे त्या पदकाने सिद्ध केले. युरोपीय पद्धतीचे छायांकन आणि यथादर्शन आत्मसात करून ते स्वतःच्या घरातील माणसांसाठी वापरणे हा धुरंधरांचा मार्ग येथेच निश्चित झाला.

१८९६ साली ते त्याच शाळेत शिक्षक झाले. विद्यार्थ्याच्या बाकावरून उठून सहा वर्षांत त्यांनी शिक्षकाची जागा घेतली. पण याच सुमारास मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. १८९६च्या उत्तरार्धात सुरू झालेल्या साथीने शहर ओस पाडले. घरे रिकामी झाली, बाजार बंद पडले, माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. या साथीत धुरंधरांनी आपली पहिली पत्नी गमावली. नोकरीची सुरुवात, नाव होऊ लागल्याचा आनंद आणि घरातला हा आघात यांची गाठ एकाच वेळी पडली. पुढे त्यांचा गंगूबाईंशी विवाह झाला. गंगूबाई त्यांच्या संसाराच्याच नव्हे तर कलेच्याही सोबती ठरल्या. धुरंधरांच्या चित्रांतील कितीतरी स्त्रियांच्या उभे राहण्यात, बसण्यात आणि नेसण्यात त्यांची छाया आहे. त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रकारासमोर बसणे दुर्मीळ होते, तेव्हा घरातूनच मिळालेला हा आधार मोलाचा होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत छपाईच्या तंत्राने चित्रकाराच्या हाती नवे माध्यम दिले. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून शिळाछापाच्या तसबिरी घरोघर पोहोचवल्या होत्या. आता हाफटोन ठसे आले, रंगीत पोस्टकार्डे आली, सचित्र मासिके आली. धुरंधरांनी हे क्षेत्र कमी दर्जाचे मानले नाही. मुंबईतील नित्याच्या जीवनातील मजेदार प्रसंगांची पोस्टकार्डे त्यांनी काढली आणि ती लोकप्रिय झाली. गुजराती भाषेतील वीसमी सदी या देखण्या मासिकातही त्यांची चित्रे झळकली.

पुस्तकासाठी चित्र काढणे ही भिंतीवरच्या चित्राहून वेगळी कसोटी असते. मूळ चित्र मोठे असते आणि छापताना ते तळहाताएवढे होते. हाफटोन ठशात छायेचे रूपांतर बारीक ठिपक्यांत होते. मूळ चित्रात जवळजवळ असलेल्या दोन करड्या छटा छापल्यावर एकच होऊन बसतात आणि नाजूक तपशील शाईत बुडतो. अशा वेळी ज्या चित्राची मुख्य विभागणी स्पष्ट असते तेच टिकते. उजेडाचा एक मोठा भाग, अंधाराचा एक मोठा भाग आणि दोघांना जोडणारा मधला भाग अशी सोपी रचना आधीच ठरवलेली असेल, तर चित्र कितीही लहान झाले तरी वाचता येते. प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे बसून केलेला अभ्यास येथे कामास आला. गर्दीच्या चित्रात धुरंधर मुख्य आकृतीच्या मागे विरुद्ध छटेची पार्श्वभूमी देत, कडेच्या आकृत्यांचा तपशील सैल सोडत आणि नजर मध्यभागी आणून ठेवत. पाहणाऱ्याला युक्ती दिसत नाही. त्याला प्रसंग दिसतो.

एस. एम. एडवर्ड्स या सनदी अधिकाऱ्याने मुंबईच्या गल्लीबोळांवर लिहिलेले बाय-वेज ऑफ बॉम्बे हे पुस्तक १९१२ साली धुरंधरांच्या चित्रांसह निघाले. एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, सी. ए. किंकेड यांचे डेक्कन नर्सरी टेल्स आले. चातुर्मासात मराठी घरांतून वाचल्या जाणाऱ्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या किंकेड यांनी इंग्रजीत आणल्या होत्या. त्या कहाण्यांतील राजा-राणी, गरीब ब्राह्मण, नागोबा, सुना आणि सासवा यांना धुरंधरांनी रूप दिले. कहाण्या ऐकतच ते वाढले असल्याने त्यांना परक्याच्या डोळ्यांची गरज नव्हती. १९२० साली ऑटो रोथफेल्ड यांचे विमेन ऑफ इंडिया प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या प्रांतांच्या आणि जातींच्या स्त्रियांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे हे त्या पुस्तकाचे मुख्य आकर्षण होते.

आज ही चित्रे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. ही तिन्ही पुस्तके इंग्रज सनदी अधिकाऱ्यांनी इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेली होती. भारतीय माणसांचे जात, पेशा, पोशाख यांनुसार नमुने मांडण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी त्यांच्यामागे होती. विमेन ऑफ इंडियातील चित्रे त्या चौकटीतच काढलेली आहेत. मात्र चौकट दुसऱ्याची असली तरी आतली माणसे धुरंधरांची आहेत. त्यांच्या स्त्रिया केवळ पोशाखाचे नमुने वाटत नाहीत. कोणी कामात गढलेली आहे, कोणी लाजलेली, कोणी पाहणाऱ्याकडे बेधडक पाहणारी. हा फरक रेखाटनाच्या वहीने घडवला. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची लकब चित्रातून सहजासहजी पुसली जात नाही.

जे. जे.च्या वर्गांत धुरंधर एका पिढीचे गुरू झाले. जलरंगांत पुढे मोठे नाव कमावणारे सावळाराम हळदणकर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या शाळेत शिकत होते. मराठी, गुजराती, पारशी, गोव्याकडील ख्रिस्ती अशा अनेक घरांतील मुले येथे एकत्र येत. आपल्या गुरूकडून बोर्डासमोर जे मिळाले तेच धुरंधरांनी या मुलांना दिले. फरक एवढाच होता की आता सूचना देणारा माणूस त्यांच्यातलाच होता. विषय पुराणातला असो वा रस्त्यावरचा, धोतराचा सोगा कसा पडतो आणि समईचा उजेड चेहऱ्यावर कोठून येतो, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नव्हते. पुढे ते शाळेचे मुख्याध्यापक झाले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. संस्थानिकांकडून मोठमोठ्या चित्रांची कामे आली. औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे जतन झाली. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे त्यांचे चित्र महाराष्ट्राच्या मनात घर करून बसले. दरबारातील शेकडो माणसे आणि तरीही सिंहासनावर स्थिर होणारी नजर, ही त्या चित्राची किमया म्हणजे कोळशाच्या आणि वहीच्या साऱ्या अभ्यासाचे फळ होते.

पण काळ बदलत होता. कलकत्त्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या बंगाल शैलीने मुंबईच्या चित्रकारांवर पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा ठपका ठेवला. तेलरंग, यथादर्शन आणि छायांकन ही परक्यांची उसनवारी आहे, असे राष्ट्रीय वृत्तीच्या टीकाकारांना वाटू लागले. धुरंधरांसारख्या माणसासाठी ही टीका जिव्हारी लागणारी होती. ज्या पद्धतीने त्यांनी आपल्याच घरातील, सणांतील आणि इतिहासातील माणसे रंगवली, तीच पद्धत त्यांचे परकेपण ठरवू पाहत होती. त्यांनी वादात उडी घेण्यापेक्षा काम करीत राहणे पत्करले. १९१९ साली शाळेचे प्रमुख म्हणून आलेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी मानवाकृतीच्या अभ्यासाचे वर्ग आणि भित्तिचित्रांचे वर्ग यांना बळ दिले. १९२०च्या दशकाच्या अखेरीस नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या भिंती रंगवण्याचे काम मुंबईकडे आले, तेव्हा विधी सदस्यांच्या दालनातील चित्रे धुरंधरांनी केली. साठीच्या घरातील चित्रकाराने एवढ्या मोठ्या भिंतीवर न्याय आणि कायदा यांचे प्रसंग मांडले.

त्यांच्या सेवेच्या अखेरच्या पर्वात आणखी एक गोष्ट घडली, जिचे मोल पदव्यांहून अधिक आहे. स्थापनेपासून जे. जे.ची सूत्रे इंग्रज प्रमुखांच्या हाती होती. १९३० साली संचालकपदाचा कार्यभार धुरंधरांकडे आला. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. हा मान तात्पुरता होता आणि निवृत्ती तोंडावर आलेली होती. चार दशके ज्या संस्थेसाठी खर्च केली, तिची सूत्रे पूर्ण योग्यता असूनही अगदी अखेरीस आणि थोड्या काळापुरती मिळाली. यातला अन्याय त्या काळाच्या रीतीत मुरलेला होता. तरीही ज्या दारातून एक तरुण विद्यार्थी १८९० मध्ये आत आला, त्याच दारातून तो १९३१ च्या जानेवारीत संस्थेचा प्रमुख म्हणून बाहेर पडला.

१९३१ हे वर्ष धुरंधरांच्या घराला आणखी एका कारणाने लक्षात राहिले. त्यांची कन्या अंबिका हिने त्या वर्षी जे. जे.ची पदविका मिळवली. मुलींनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे अपवादात्मक असलेल्या काळात वडिलांनी तिला हाताशी धरून शिकवले होते. बाप आणि लेक यांनी पुढे बरोबर प्रवास केला, बरोबर चित्रे काढली. निवृत्तीनंतर धुरंधरांनी आपल्या शाळेतील दिवसांच्या आठवणी लिहिल्या. कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे या नावाने त्या १९४० साली पुस्तकरूपाने आल्या. मराठीत चित्रकाराने लिहिलेल्या आत्मपर पुस्तकांत त्याचे स्थान अग्रणी आहे आणि पश्चिम भारतातील कलाशिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्याला वळसा घालून जाता येत नाही. स्वतःच्या मोठेपणाच्या कथेपेक्षा शाळेची कथा सांगण्याकडे त्यांचा कल होता, हे शीर्षकावरूनच कळते.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यानंतरच्या दशकांत आधुनिक चित्रकलेच्या लाटेत त्यांचे नाव मागे पडले. प्रगतिशील चित्रकारांच्या पिढीला कथा सांगणारे चित्र जुनाट वाटू लागले आणि पुस्तकासाठी काढलेले चित्र तर कलेच्या हिशेबातच धरले जाईना. अंबिकाबाईंनी २००९ मध्ये वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर निरोप घेईपर्यंत वडिलांचा वारसा जिवापाड सांभाळला. त्यामुळेच मोठा ठेवा वाचला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे भव्य प्रदर्शन भरले, तेव्हा तैलचित्रांइतकीच गर्दी त्यांच्या रेखाटनांपुढे, पोस्टकार्डांपुढे आणि पुस्तकांसाठी काढलेल्या चित्रांपुढे झाली. पूर्ण झालेल्या चित्रात जे लपलेले असते ते या कागदांवर उघड दिसत होते. खोडलेली रेषा, बदललेली हाताची दिशा, पुन्हा मांडलेला समूह.

मोठा चित्रकारही पहिल्याच झटक्यात बरोबर येत नाही, हे सांगणारे असे कागद शिकणाऱ्याला तैलचित्राहून अधिक उपयोगी असतात. धुरंधरांच्या आयुष्याचा बोध तोच आहे. रेषा हातात येते ती सरावाने, छायेच्या पायऱ्या दिसू लागतात त्या संयमाने आणि मांडणी जमते ती चूक दाखवणारा कोणी असेल तर. त्यांना तसा गुरू मिळाला आणि ते स्वतः अनेकांचे तसे गुरू झाले.

नांदगावच्या स्थानकावर आता वेरूळचे प्रवासी टांगे शोधत उतरत नाहीत. पण स्मरणचित्राच्या तासाला आठवडा बाजार काढायला बसलेले एखादे मूल कांद्याच्या राशीमागे बसलेली बाई आधी हलक्या रेषेने आखते, मग खोडते, थोडी डावीकडे सरकवते आणि तिच्यामागे गडद सावलीचा तंबू उभा करते. बाई एकदम उठून दिसू लागते. हे का झाले ते त्या मुलाला कदाचित सांगता येणार नाही. त्याच्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या कलाशिक्षकाने सरावाच्या एखाद्या तासाला ते दाखवून दिलेले असते. त्या शिक्षकाला त्याच्या शिक्षकाने आणि त्यालाही आणखी कोणी. ही साखळी मागे मागे नेली, तर ती मुंबईच्या त्या कलामंदिरातील बोर्डांच्या रांगेपाशी पोहोचते, जेथे एकेचाळीस वर्षे एक माणूस आधी शिकत आणि मग शिकवत उभा होता.